तीन खटके

विलासतात्या मेस्त्रींची पद्धत अशी, की माणूस भेटला की आधी त्याच्या गाडीचं टायर दाबायचं आणि मग रामराम करायचा. स्कूटर असो, मोटार असो, उसाची ट्रॉली असो, उजव्या हाताचा अंगठा टायरवर टेकवणार, दाबणार, मान थोडी तिरकी करणार, "पुढची हवा कमी हाय" म्हणणार आणि मग तोंडाकडं बघणार. माझ्या भाच्याच्या लग्नात जीप फुलांनी मढवून दारात उभी होती. नवरदेव चढून बसला, वाजंत्री सुरू झाली, पण जीप हलेना. बघतो तर तात्या चाकापाशी उकिडवे बसलेले, गळ्यातला हवेचा मीटर व्हॉल्व्हला लावून. "मागच्या डाव्या चाकात जास्त हाय. नवरी हिसकं खाईल," म्हणाले, आणि चारी चाकं सारखी केल्याशिवाय त्यांनी जीप सोडली नाही. नवरदेव आत घामाघूम होऊन बसून राहिला.

तो पितळी मीटर सुतळीत ओवून कायम गळ्यात असायचा. आंघोळीलाही काढत नसावेत. "माणूस आन् टायर वरनं बघून कळत न्हाय सर, दाबून बघाय लागतंय," हे त्यांचं वाक्य मी पन्नास वेळा ऐकलं असेल आणि पन्नास वेळा हसलो असेन. खुद्द तात्यांना मात्र मी कधी दाबून बघितलं नाही. तिथंच फसलो.

मी शाळेत गणित शिकवतो. आठवड्याचे सहा दिवस सभ्य माणूस असतो. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर जुनी, दोनदा रंगवलेली छोटी गाडी घेऊन जातो. याला ऑटोक्रॉस म्हणतात. शर्यत म्हटलं की लोकांना एकमेकींना घासत पळणाऱ्या गाड्या दिसतात, इथं तसं काही नाही. मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे लाल कोन मांडायचे, त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी पळवायची आणि कुणाला किती सेकंद लागले ते लिहायचं. कोन पाडला की सेकंद वाढतात. बक्षीस म्हणाल तर स्टीलचा एखादा करंडक, आणि आठवडाभर पुरेल एवढा माज. बायको म्हणते, पन्नाशीचा माणूस टोप्यांमधून गाडी हाणतो आणि वर दमून येतो. तिला कोण समजावणार?

तात्या आमच्या सगळ्यांचे मेस्त्री. उद्यमनगरात त्यांची पत्र्याची शेड, आत एक लेथ, आणि भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी त्यांनी स्वतः बनवलेला पहिला गिअर टांगलेला. उदबत्ती दोघांनाही ओवाळत. तीस वर्षं कारखान्यात टर्नरचं काम करून निवृत्त झालेले. कुणी म्हणालं की अमुक पार्ट बाहेरून मागवावा लागेल, तर तात्यांना ते घरच्या माणसाला शिवी दिल्यासारखं लागायचं. "कोल्हापुरात बनत न्हाय असं काय हाय? सांगा की एक," असं विचारून ते उत्तराची खरोखर वाट बघत. उत्तर देण्याची कुणाची छाती नव्हती.

तर झालं असं, की एका रविवारी पुण्याचा एक जण माळावर आला. त्याच्या गाडीत हँडब्रेकशेजारी दोन नॉब होते. खड्ड्यातून गेल्यावर गाडी डुलत राहू नये म्हणून प्रत्येक चाकापाशी शॉकअप असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो कडक असला की गाडी वळणावर कमी झुकते, पण खडबडीत जमिनीवर चाक उड्या मारतं. सैल असला की उलट. आमचे शॉकअप कारखान्यातून आले तसेच मरेपर्यंत राहायचे. या पाहुण्याला मात्र बसल्या जागेवरून नॉब फिरवून पुढचे शॉकअप वेगळे आणि मागचे वेगळे, कडक किंवा सैल करता यायचे. एकेका टप्प्याला नॉब खट् असा वाजायचा.

तात्या त्याच्या दारापाशी उभे राहिले. पहिल्यांदाच कुणाचं टायर दाबायचं विसरले.

"पावणं, परत एकदा फिरवा की."

त्यानं फिरवला. तात्या डोळे मिटून ऐकत होते.

"कुठनं आणलासा?"

"बाहेरून मागवलं. इथं नाही होत हे," तो सहज म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं.

"म्हैन्याभरात करून दावतो," तात्या म्हणाले. पाहुण्याला नव्हे, आम्हाला.

आणि केलं. माझी गाडी प्रयोगाला घेतली. शॉकअप मधून कापून आत तेलाची वाट कमीजास्त करणारी बारीक सुई बसवली, स्कूटरच्या स्पीडोमीटरची केबल वापरून तिची सूत्रं हँडब्रेकपाशी आणली, आणि दोन पितळी नॉब असे घडवले की पुण्याच्या गाडीतले त्यांच्यापुढं बाटलीच्या बुचासारखे वाटावेत. पुढच्या रविवारी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ नोंदवली. तात्यांनी माळावर पेढे वाटले. कोन उचलणाऱ्यांना दिले, चहावाल्याला दिले, शेजारच्या रानात भांगलणाऱ्या बायकांना दिले. एक पेढा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मी त्यांना एवढं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

तेव्हापासून आमचा विधी ठरून गेला. फेरी संपली की तात्या वही घेऊन खिडकीशी येत.

"काय वाटलं सर?"

"नाक बाहेर जातंय. गाडी वळतच नाही."

"मग पुढचा दोन खटकं सैल करा. मी हात लावनार न्हाय, चालवणाऱ्यानंच फिरवायचा. आन् आधी शून्यावर न्या. शून्यावरनं मोजायचं, अंदाज करायचा न्हाय."

शून्य म्हणजे पूर्ण आवळलेला. तिथून मी मोजून खटके फिरवायचो, ते वहीत लिहायचे, आणि मग सवयीप्रमाणं चाकांपाशी बसून "हवा बघतो जरा" म्हणत मीटर लावायचे. कुठं थोडी सोडायचे, कुठं पायपंपानं भरायचे. आम्ही आपसांत हसायचो, की म्हाताऱ्याला एवढी विद्या येऊनही हवेचा नाद सुटत नाही. पुढची फेरी हटकून चांगली जायची.

दोन वर्षांत त्या वहीची कीर्ती झाली. कोरड्या मुरमावर पुढं किती, मागं किती, सगळं लिहिलेलं. गणिताच्या माणसाला अशी वही म्हणजे दिवाळीच. नवीन येणारे माझ्याकडं सल्ला मागत आणि मी देत असे, थोडा जास्तच. सर नुसतं बसून सांगतात, गाडीला काय हवंय ते, असं लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं, कशाला खोटं बोलू?

माझ्या शब्दावर ज्यांनी तात्यांकडून तसेच शॉकअप बनवून घेतले, त्यांत रणजित होता. चंदगडचा. तिकडं त्याचा काजू फोडायचा छोटा कारखाना. शंभर किलोमीटर गाडी चालवत यायचा आणि उतरल्या उतरल्या काजूची पुडी माझ्या हातात द्यायचा. मोठ्यानं हसणारा, मोठ्यानं हरणारा माणूस. मला सर म्हणायचा आणि माझं ऐकायचा, जे माझे विद्यार्थीही करत नाहीत.

त्या रविवारी शिरोळकडच्या एका मैदानावर कार्यक्रम होता. तात्यांचे गुडघे धरले होते, ते घरी पडून होते. माझं निवडणुकीच्या कामाचं ट्रेनिंग होतं. रणजित एकटा गेला. दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"सर, मागली बाजू निसटतीया. काय करू?"

तात्यांकडून आणलेली वही माझ्या पिशवीत होती. ट्रेनिंगच्या हॉलबाहेर येऊन, पान उघडून, मी ऐटीत सांगितलं, "मागचा शून्यावर ने. तिथनं तीन खटके सैल कर. आणि मग बिनधास्त मार."

तो बिनधास्त गेला. तिसऱ्या वळणावर मागची बाजू पहिल्यापेक्षा जोरात निसटली, चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीत अडकलं आणि गाडी कुशीवर पडली. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला, कारण पट्टा लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात त्याला दवाखान्यात बघायला आम्ही पाच-सहा जण गेलो. तात्याही गुडघे धरत आले. दारात रुग्णवाहिका उभी होती आणि तात्या तिच्या टायरला हात न लावता आत गेले, हे मला फार नंतर आठवलं.

"किती फिरवलास?" तात्यांनी विचारलं.

"तीन."

"शून्यावरनं?"

"व्हय तात्या. शून्यावरनं तीन."

तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घाईत मोजताना चुकला असशील. हुतंय आसं."

रणजितनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "असंल," म्हणाला.

आणि वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "रणजित, दहावीला गणितात किती होते रे? तीनपर्यंत तरी यायला हवं होतं." सगळे हसले. रणजितही हसला. तो विनोद मी केला, तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाही. पुढं तो माळावर रूढ झाला. रणजितचं नाव निघालं की कुणीतरी तीन बोटं वर करायचं आणि "किती हे?" म्हणून विचारायचं. खांदा जोडला गेल्यावर तो एकदा येऊन गेला, तेव्हा त्याच्यासमोरच तीन बोटं वर झाली. नंतर तो येईनासा झाला. फोन केला की म्हणायचा, "न्हाय सर, माझ्यात ती जाणच न्हाय. उगं कुणाचा जीव घ्यायचो." गाडी त्यानं ताडपत्री टाकून ठेवली होती.

सहा महिन्यांनी मी गडहिंग्लजला एका कार्याला गेलो होतो. गावात शिरताना एका गतिरोधकावर गाडी दणकली आणि पुढचा शॉकअप तेल गाळायला लागला. तिथल्या मेस्त्रीनं तो काढला, उघडला आणि मला हाक मारली.

"सर, ही केबल कशाला हाय?"

मी त्याला अभिमानानं सगळं समजावून सांगितलं. सुई, तेलाची वाट, कडक, सैल.

तो ऐकून घेत होता. मग बोटानं दाखवत म्हणाला, "पण सुई न्हायच की ह्यात. भोक बुजवून टाकलंय. केबल वरच्या टोपणापातूर येतीया आन् टोपण नुसतं गरागरा फिरतंय."

मी बाकीचे तीनही उघडायला लावले. चारही तसेच. हँडब्रेकपाशी नॉबच्या आत एक स्प्रिंग आणि एक छर्रा होता, तो खट् खट् वाजायचा. दोन वर्षं मी एक वाजणारं खेळणं फिरवत होतो आणि त्याची वही लिहून घेतली जात होती.

मला राग आला म्हणणं कमी पडेल. भर चौकात कुणी धोतर सोडावं तसं वाटलं. आणि त्यानंतर लगेच, गाडीच्या चाकाशी उभा असताना, रणजित आठवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडीतून बदललेला तो शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून मी तात्यांच्या शेडमध्ये नेला आणि टेबलावर ठेवला. तात्यांनी लेथ बंद केलं, हात पुसले, कागद सोडला.

"कुणाकडनं उघडून घेतलासा? छिन्नी मारलीया की. सगळी कडा खराब केली," ते म्हणाले. हे पहिलं वाक्य.

"तात्या, सुई कुठाय?"

ते उठले आणि फळीवरून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. आत कागदात गुंडाळलेल्या सुया होत्या, वीसेक तरी. एकेक उलगडून त्यांनी माझ्यासमोर ओळीनं मांडल्या. "ही पयली. हिच्यावर तुमचा टाइम लागला, पेढं वाटलं. बुधवारी गाडी शेडात घेऊन बघतो तर तेल तापलं की गळतीया. ही दुसरी, जरा जाड केली. ही तिसरी. ही गेल्या म्हैन्यातली." त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. कामाबद्दल बोलायचा तोच होता.

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? पेढं परत मागू काय लोकांकडनं?" ते म्हणाले. "म्हटलं तात्पुरतं बुजवून ठेवू, सुई जमली की बसवू. तुमचा टाइम तर कमीच हुता. तुम्ही खटकं फिरवत हुतासा, मी हवा फिरवत हुतो. नाक बाहेर जातंय म्हटलासा की पुढची हवा सोडायचो, शेपूट निसटतंय म्हटलासा की मागची. तुमचं वाटणं खरं हुतं सर. गाडी कुठं चुकती ते तुम्ही बरोबर सांगत हुतासा."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा आणखी राग आला.

"आणि रणजित?"

तात्या सुया परत कागदात गुंडाळायला लागले.

"त्याच्या गाडीत तर सुई कधी नव्हतीच ना?"

"माझं गुडघं धरलं नसतं तर मी गेलो असतो. मागची हवा सोडली असती, काय झालं नसतं."

"तात्या, त्याला तुम्ही सांगितलंत की मोजायला चुकलास. त्यानं तीनच मोजले होते. लोक त्याला बोटं दाखवतात. मी दाखवली."

ते लेथपाशी गेले आणि ते सुरू केलं. चकात कातायला काही लावलेलं नव्हतं, लेथ रिकामंच फिरत होतं. त्या आवाजात मी उभा राहिलो. पाच मिनिटं झाली असतील. मग त्यांनीच ते बंद केलं आणि पाठमोरेच म्हणाले, "रविवारी माळावर सांगतो. सगळ्यांम्होरं. मीच बलावतो त्याला. तुम्ही मधी तोंड घालू नका, माझं मला सांगू द्या."

मी कबूल केलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी संधी द्यायलाच हवी, असं वाटलं मला. अजून विश्वास होता म्हणायचा.

रणजित आला. तात्यांनी स्वतः फोन केला म्हटल्यावर एवढ्या लांबून आला. काजूची पुडी या वेळी त्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती घेतली आणि शर्टच्या खिशात ठेवली. फेऱ्यांआधी चहा झाला, सगळे गोल उभे होते. तात्या मध्ये आले. गळ्यातला मीटर हातात धरला होता.

"जरा ऐका," ते म्हणाले. "ते शॉकअप हाय न्हवं, रणजितच्या गाडीतलं. त्याचं काय झालं..."

तेवढ्यात मागून कुणीतरी तीन बोटं वर केली. "तात्या, आधी त्याला पाढं शिकवा, मग शॉकअप." हशा पिकला. रणजितही हसला, तो आता सवयीनं हसायचा. मी तात्यांकडं बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. बुडणाऱ्याच्या हाताला दोरी लागावी तसा सुटला. आणि तेही हसले. मान हलवत, सगळ्यांबरोबर, चांगले मोकळे हसले.

"चला, हवा बघूया," म्हणाले आणि जवळच्या गाडीच्या चाकापाशी जाऊन बसले.

मी शब्द दिला होता. पण ज्याला दिला तोच शब्द विकून मोकळा झाला होता. मी रणजितला माझ्या गाडीपाशी घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. सुईचं, छर्ऱ्याचं, हवेचं, डब्याचं, फोनवर मी ऐटीत दिलेल्या सल्ल्याचं. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे मी तीनच फिरवलं हुतं?"

"तीनच."

"शून्यावरनं?"

"शून्यावरनं."

"बायकोबी म्हणालती, तू चुकायचा न्हाईस," तो म्हणाला. "मीच तिला गप बसवलं. म्हटलं, तात्या म्हणत्यात म्हंजे चुकलोच असंन."

मग तो माझ्या गाडीत बसला. डावा हात अजून पुरता उचलत नव्हता, तो त्यानं उजव्या हातानं धरून हँडब्रेकपाशी नेला. मागचा नॉब शून्यावर नेला. आणि एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजत फिरवला. खटके अजूनही सुरेख वाजत होते.

तात्या एव्हाना निघाले होते. माळाच्या तोंडाशी त्यांची स्कूटर उभी होती, तिच्यापाशी उभे राहून ते आमच्याकडंच बघत होते. काय सांगून झालंय ते त्यांना कळलं असणार. मी त्यांना बघितलं ते शेवटचंच, त्यानंतर ना मी शेडकडं गेलो, ना ते माळावर आले. रणजितनं खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आणि तीन बोटं वर धरली. हसला नाही. बराच वेळ धरून राहिला.

तात्यांनी ती बघितली. मग ते खाली वाकले आणि स्वतःच्या स्कूटरच्या टायरवर अंगठा दाबला, पुढच्या, मग मागच्या, मग पुन्हा पुढच्या. त्यांच्या स्कूटरमध्ये हवा कधीच कमी नसायची.